माझ्या रक्तातलं गेज

तमाम काळेवाडीकर, चाकणच्या आमच्या कंपनीतले तिन्ही शिफ्टचे बंधू-भगिनी, कँटीनच्या मावश्या आणि गेटवरचे सुरक्षारक्षक यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, गेली सतरा वर्षे ब्रेकच्या पार्टवर नापासाचा शिक्का मारणारी छाया, वय एकोणपन्नास, ही स्वतः नापास झालेली आहे. परीक्षा रक्ताची होती. रोगाचे नाव सिफिलिस. सदर निवेदन तिने पूर्ण शुद्धीत, दोन कप चहा पिऊन लिहिले आहे. कोणीही घाबरून जाऊ नये. ती आता बरी आहे.

हुश्श. सगळ्यांत अवघड वाक्य लिहून झालं. आता खुर्ची ओढा आणि बसा.

हे लिहायचं कारण सांगते. ज्या दवाखान्यात मी खेपा घातल्या, तिथल्या बाकावर दर वेळी चार-पाच बायका पदरात तोंड लपवून बसलेल्या असत. त्यांच्याशी बोलायला गेलं की त्या भिंतीकडे बघत. भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत ‘गुप्तरोग विभाग’ असं लिहिलेलं, खाली बाण, वर ट्यूबलाइट. इतकी जाहीर गुप्तता मी आयुष्यात पाहिली नाही. त्या बायकांशी तिथे बोलता आलं नाही, म्हणून इथे बोलते.

मोरपंखी साडी

आमच्या कंपनीत दर वर्षी रक्तदान शिबिर असतं. दर वर्षी रांगेत मी पुढे, आणि दर वर्षी बोटातून थेंब काढून तिथली मुलगी म्हणणार, “काकू, हिमोग्लोबिन कमी आहे. हे बिस्किट खा आणि जा.” जी बाई दिवसभर दुसऱ्यांचा माल नापास करते, तिला सगळ्यांदेखत बिस्किट देऊन नापास करायचं! वर्षानुवर्षं मी तो अपमान चहात बुडवून खाल्ला.

या वेळी माझ्या नवऱ्यानं मनावर घेतलं. माधव आमच्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो, मूळचा लातूरकडचा. त्यानं तीन महिने मला हळीवाचे लाडू, खजूर आणि बीट चारलं. बीट इतकं की सुपरवायझर म्हणाला, “छायाताई, हल्ली लिपस्टिक लावायला लागलात का?” आणि मी पास झाले. पिशवीभर रक्त दिलं, प्रमाणपत्र घेतलं, फोटो काढला आणि तो फोटो ओळखीच्या सगळ्यांना पाठवला. काही अनोळखी लोकांनाही गेला म्हणतात.

दहा-बारा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. “मॅडम, एकदा येऊन जाता का? फोनवर नाही सांगता येणार.”

मी काय समजले असेन? मला वाटलं, माझं रक्त काहीतरी खास निघालं. सत्कार करणार. फोनवर सांगितलं तर त्यातली मजा जाईल. मी मोरपंखी साडी नेसले, गजरा माळला आणि गेले.

समोर एक तरुण समुपदेशक बसली होती. तिनं आधी दार लावलं, मग पाण्याचा पेला पुढे सरकवला.

“कार्यक्रम किती वाजता आहे?” मी विचारलं.

“कसला कार्यक्रम?”

“सत्काराचा.”

त्या पोरीच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरणार नाही. तिला हसायचंही होतं आणि रडायचंही. तिनं हळूहळू सांगितलं. दान केलेलं प्रत्येकाचं रक्त तपासतात, त्यात काही आजार पाहतात, त्यातला एक माझ्यात दिसतोय. तो लैंगिक संबंधातून होतो. अजून एक तपासणी करून पक्कं करू. औषध आहे, बरं होतं.

मी गजऱ्याला हात लावून बघितला. का, ते माहीत नाही. तो जागेवर होता.

घरात आम्ही तिघं

आता घर समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही आणि दुःखही.

माझा पहिला नवरा सोपान. चाकणजवळच्या गावचा, थोडी शेती, आणि बैलगाड्यांच्या शर्यतींचा जबरदस्त नाद. हंगामात महिना महिना या जत्रेतून त्या जत्रेला. माणूस प्रेमळ, बैलांवर तर फारच. नऊ वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला. त्याची आई, म्हणजे माझी सासू, मी तिला आत्या म्हणते. ती माझ्याजवळच राहिली. आम्हाला मूलबाळ नाही. आम्ही दोघीच एकमेकींना उरलो.

मग माझं दुसरं लग्न कोणी लावलं? आत्यानंच. माधव विधुर, मुलगी दूर सासरी. कंपनीत तो माझ्या टेबलाशी मालाचे ट्रे इतके अलगद उतरवायचा की आतला एक पार्ट वाजायचा नाही. हे मी आत्याला कौतुकानं सांगत बसायचे. एक दिवस ती म्हणाली, “त्या लातूरवाल्याला जेवाया बोलीव. किती दिस नुसता ट्रे उतरवाया लावशीन?” गावानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. आत्या त्यांना म्हणाली, “ही माझी लेक हाय. आन् तो माझा जावई.” तेव्हापासून ती माधवला जावईबापू म्हणते आणि स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून त्याच्या ताटात टाकते. या गोष्टीला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं.

रक्तपेढीतून परत येताना रिक्षात मी हिशोब मांडला. माझ्या आयुष्यात पुरुष दोन. रोग यातल्या एकाकडून आलाय. माधवकडून आला असेल, तर माझा माधववरचा विश्वास जाईल आणि पाठोपाठ माधव. सोपानकडून आला असेल, तर हे कळल्यावर आत्या या घरात, सुनेच्या नव्या नवऱ्यासमोर, मान वर करून राहणार नाही. ती गावची खोली उघडेल आणि एकटी राहील. उत्तर काहीही निघो, घरातून एक माणूस जाणार.

लाल टेप

कंपनीत एखाद्या मालाबद्दल शंका आली की आम्ही त्याला लाल टेप लावून बाजूला ठेवतो. चांगल्या मालात मिसळायचा नाही, हा नियम. सतरा वर्षांची सवय. घरी आल्यावर मी काय केलं असेल? माझा पेला, माझं ताट, माझा तांब्या, सगळ्यांना लाल टेप लावली. टॉवेलच्या कोपऱ्यालासुद्धा. आत्याला म्हटलं, “या भांड्यांना हात लावायचा नाही हं. माझ्या रक्तात लोह कमी आहे, औषध चालू आहे, डॉक्टरांनी वेगळं ठेवायला सांगितलंय.”

लोह कमी असलं म्हणून पेला वेगळा, असलं अचाट वैद्यक आत्यानं कधी ऐकलं नव्हतं. तिनं एकदा टेपकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

माधवला मी कंपनीतच सांगितलं, फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावतात त्या कोपऱ्यात. तिथे सतत घरघर असते, कोणाला ऐकू जात नाही. मी सगळं सांगितलं आणि डोळे मिटून उभी राहिले.

“इतकं भ्यायलीस कशाला?” तो म्हणाला.

“तुम्हाला राग नाही आला?”

“आलाय की. पण कोणावर काढायचा ते कळंना झालंय. आधी सांग, माझं रक्त कधी द्यायचं?”

घरी आल्यावर त्यानं माझा लाल टेपवाला पेला उचलला, माठातलं पाणी घेतलं आणि घटाघटा प्यायला. मी ओरडले, तर म्हणतो, “ह्या गिलासातलं पाणी गार लागायलंय.” तेव्हापासून तो मुद्दाम त्याच पेल्यातून पाणी प्यायचा. मला वाटायचं, किती प्रेम करतो. आत्या कोपऱ्यातून हे बघत होती आणि तिला काय वाटत होतं, हे मला कळलं नाही. ते पुढे येईल.

डॉक्टरांना गेज शिकवलं, त्याची गोष्ट

दुसरी तपासणीही तेच बोलली. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या भाचीएवढ्या, पण धीराच्या. त्यांनी मला विचारलं नाही असं काही ठेवलं नाही. जखम झाली होती का, पुरळ आलं होतं का, केव्हा? मला काहीच आठवत नव्हतं. त्या म्हणाल्या, काहींना कळतही नाही. आजार मग शरीरात लपून बसतो, वर्षानुवर्षं.

“आणि माझं शरीर काय करत होतं इतकी वर्षं? झोपलं होतं?”

“झोपलं नव्हतं. तुमच्या रक्तातल्या पेशींनी जंतूला ओळखलंय. म्हणून तर तपासणीत दिसतंय.”

“ओळखलंय म्हणजे? तोंड बघून?”

त्या हसल्या. म्हणाल्या, पेशी अख्खा जंतू नाही बघत. जंतूच्या अंगावर प्रथिनं असतात, त्यांचा एखादा बारका तुकडा बघतात. एकेका पेशीजवळ एकेका तुकड्याचा साचा असतो. तुकडा साच्यात चपखल बसला, की पेशी आरडाओरडा करते आणि तशाच आणखी पेशी तयार होतात.

“गेज!” मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या बाकावर हालचाल झाली.

मग मी डॉक्टरीणबाईंना शिकवलं. गेज म्हणजे आमचा पोलादी साचा. पार्ट त्यात गेला तर एक निकाल, अडला तर दुसरा. गेजला पार्टचं नाव, गाव, कंपनी काही माहीत नसतं. फक्त माप माहीत असतं. त्यांना ते इतकं आवडलं की कागदावर लिहून घेतलं. मी म्हटलं, सही करू का?

“पण काकू, यात एक मेख आहे,” त्या म्हणाल्या. “हा जंतू एकच असला तरी त्याची वाणं निरनिराळी असतात.”

“कळलं. कांदा एकच, पण गरवा वेगळा, हळवा वेगळा.”

“तेच. प्रत्येक वाणाच्या अंगावरची काही प्रथिनं जराशी वेगळी. शिवाय हा लबाड शरीरात बसल्या बसल्याही कपड्यांचे तुकडे बदलत राहतो. पेशींनी एक रूप ओळखून पकडावं, तोवर थोडे जंतू दुसरं रूप घेऊन निसटतात.”

“म्हणजे ड्रॉइंग बदललं आणि आपण जुन्याच गेजवर माल तपासत बसलो.”

“अगदी. म्हणून पेशी एवढी वर्षं राबूनही आजार पूर्ण गेला नाही. आणि म्हणूनच एकदा होऊन बरा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही, असं नाही. दुसरं वाण आलं तर जुनं गेज उपयोगाचं नाही.”

हे वाक्य मी खास तुमच्यासाठी, बाकावरच्या बायांनो, इथे लिहून ठेवते. औषध घेऊन बरं वाटलं, रक्ताला आता सवय झाली, असं समजून निर्धास्त होऊ नका. जोडीदाराची तपासणी करा.

मग मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी खरं तर आले होते. कंपनीत प्रत्येक पार्टवर बॅच नंबर असतो. माल खराब निघाला की नंबर बघायचा आणि कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला बनला ते शोधून काढायचं.

“डॉक्टर, माझ्या पेशींना तो जंतू माहीत आहे ना? कुठल्या वाणाचा आला, त्याचं माप त्यांच्याजवळ आहे ना? मग त्यांना विचारा की. कोणाकडून आला?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “त्यांच्याजवळ ओळख आहे काकू, पण ती वाचायची सोय इथे नाही. आपली तपासणी एवढंच सांगते, की असा जंतू या शरीरानं पाहिलाय. वाण बघायचं तर जंतू हाताला लागावा लागतो. आणि वाण कळलं, तरी त्यावर माणसाचं नाव नसतं.”

मी घरी जाताना सगळी वाट माझ्या पेशींचा विचार करत होते. बिचाऱ्या. किती वर्षं तिन्ही शिफ्ट चालवल्या, माल बदलत राहिला तरी टेबल सोडलं नाही, ओव्हरटाइमचं एक शब्दानं बोलल्या नाहीत. आणि मी त्यांना हिमोग्लोबिनवरून नावं ठेवत होते.

दोन दिवस सभ्यतेचे

माधवनं रक्त दिलं. निकालाला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत आम्ही एकमेकांशी इतके सभ्य वागलो की विचारू नका. “चहा घेणार का?” “हो, त्रास नसेल तर.” आत्यानं मला स्वयंपाकघरात गाठलं. “भांडलाय का गं तुमी? असं बँकेतल्यावानी काय बोलताय?”

मी दारातल्या माधवच्या चपलांकडे बघत बसायचे. डाव्या चपलेचा अंगठा त्यानं तारेनं शिवला होता. या चपला उद्या इथे असतील का, एवढा एकच विचार.

निकाल आला. दोन्ही तपासण्या कोऱ्या. डॉक्टरीणबाई मला समजावू लागल्या, पण मला आधीच समजलं होतं. माधवच्या रक्तात त्या जंतूचं गेजच नव्हतं. त्याच्या टेबलावर तो माल कधी आलाच नव्हता. आणि माझ्याकडूनही त्याला गेला नव्हता. आजार इतका जुना झाला की सहसा असा पसरत नाही, असं बाई म्हणाल्या.

मी तिथेच माधवच्या गळ्यात पडले. गुप्तरोग विभागात! बाकावरची एक बाई पदराआडून म्हणाली, “हितं कशाला आता आणखी.”

मग आनंद ओसरला, कारण दोनांतून एक गेला की एकच उरतो.

जी रडली नाही ती

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी दार लोटून मला विचारलं होतं, “मुलं?”

“एक झाली होती. मी चोवीस वर्षांची असताना. आठव्या महिन्यात. मुलगी. ती रडली नाही.”

“तेव्हा तुमचं रक्त तपासलं होतं?”

तेव्हा आमच्याकडे असलं काही कोणी केलं नव्हतं. बाईंनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, “आता नक्की कोणीच सांगू शकणार नाही. पण या आजारानं तसं होऊ शकतं.”

मी फार बोलकी बाई आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. त्या दिवशी मला बोलता आलं नाही. मी तिला पाहिलंही नव्हतं. मला गुंगी होती. तिला पाहिलं फक्त आत्यानं. तिनं तिला न्हाऊ घातलं, स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि घेऊन गेली. त्यावर आम्ही दोघी नंतर कधी बोललो नाही.

सोपानवर मला राग आला का? आला. दोन दिवस भांडी आपटली. पण मेलेल्या माणसाशी भांडण फार वेळ चालत नाही, तो उलट उत्तर देत नाही. आणि त्यालाही माहीत नसणार. माहीत असतं, तर तो माणूस रडत घरी आला असता. मला तो पुरता माहीत आहे.

राहिली आत्या. तिला कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

सुया

इंजेक्शन पेनिसिलिनचं. आठवड्याला एक वेळ, असे तीन आठवडे, गुरुवारी. आधी हाताला बारीक टोचून बघतात, ते सोसतं का. मग कमरेखाली, दोन्ही बाजूंना. औषध दाट, साबुदाण्याच्या खिरीसारखं. पहिल्या वेळी मी नाटकातल्या राणीसारखी किंचाळले. संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जंतू मरताना असं होऊ शकतं, भिऊ नका. माधव कपाळावर पट्ट्या ठेवत म्हणाला, “मरायलेत गं, मरायलेत. जरा कळ काढ.”

दुसऱ्या वेळी सिस्टरनं औषधाची बाटली दोन तळहातांत धरून वाती वळाव्यात तशी कितीतरी वेळ वळली. म्हणाली, गार औषध जास्त दुखतं. कोणी सांगितलं नव्हतं तिला. मला त्या तळहातांवर डोकं टेकवावंसं वाटलं.

तिसरा गुरुवार

तिसऱ्या गुरुवारी सकाळी आत्या दारात उभी. नेसूचं चांगलं लुगडं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत तिचा पितळी तांब्या.

“कुठं निघालात?”

“गावाला. खोली झाडून काढते.”

“काय झालं पण?”

“काय व्हायचं ऱ्हायलंय? भांड्यांवर खुणा केल्यास. जावईबापूंनी त्या पेल्यातून पाणी पेल्यालं चालतं, म्या हात लावल्याला चालत न्हाई. आगं, भांडी येगळी झाली म्हंजी चूल येगळी झाली. आमच्यात वाटणी अशीच करत्यात. तोंडानं सांगितलं असतंस तरी गेले असते. टेप कशाला लावायची?”

मला वेडीला एवढं कळलं नव्हतं. डॉक्टरांना मी पेशींची सगळी कुळकथा विचारली, पण हा आजार पेल्यातून पसरतो का, एवढं विचारायला लाजले. पसरत नाही, बायांनो. पेल्यातून नाही, ताटातून नाही, टॉवेलातून नाही. विचारलं असतं तर आत्याच्या जिवाला तीन आठवड्यांचा घोर लागला नसता.

माधवनं तिची पिशवी हळूच स्वतःच्या हातात घेतली, ट्रे उतरवतो तशी. “आई, आधी हिला इंजेक्शन द्यून येऊ. मग तुम्ही म्हणाल तिथं सोडतो.”

तिघं रिक्षात बसून दवाखान्यात आलो. बाकावर आत्या माझ्या डावीकडे, माधव उजवीकडे, मांडीवर पिशवी. मी एक उत्तम खोटं तयार करून ठेवलं होतं.

“आत्या, माझ्या रक्तात एक जंतू निघालाय. बाळंतपणात मला रक्त चढवलं होतं ना, त्यातून आला असणार.”

“कुणी चढावलं?”

“दवाखान्यात.”

“तुला कुठं रक्त चढावलं गं? म्या उशाशी व्हते की. सलाइन व्हती एक, पांढरी.” ती माझ्याकडे वळली. “छाये, खरं बोल.”

मग मी खरं बोलले. हळू आवाजात, जमिनीकडे बघत. रोग कसला, तो कसा येतो, माधवच्या रक्तात तो का नाही, आणि मग उरतं कोण. पोरीचंही सांगितलं. नक्की नाही, पण असेल, असं. एवढं बोलून मी तिच्याकडे न बघता वाट बघत राहिले, की ती आता उठेल.

ती उठली नाही. मग ती म्हणाली, “म्हंजी गिरान न्हवतं?”

“कसलं ग्रहण?”

“पावनं आलं व्हतं त्या दिशी. सैपाकाला उशीर झाल्याला. गिरान लागल्यालं, आन् म्या तुझ्या हातात इळी दिली. म्हटलं, चिर दोन वांगी, कोन बघतंय. मंग पोर तशी झाली.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “पंचवीस वर्सं, छाये. इळी हातात घेतली की मला ती पोर दिसती. तुला सांगायची हिंमत झाली न्हाई. तू मला टाकशीन वाटलं.”

मी तिचा हात धरला. ती इतकी वर्षं मला भाजी चिरू का देत नव्हती, हे मला त्या बाकावर कळलं. मी तिला कामाची हौस समजत होते.

“ग्रहणानं काही होत नाही, आत्या. तुमच्या हातून काही झालं नाही.”

“आन् माझ्या सोपानच्या हातून झालं.”

माधवनं घसा खाकरला. “त्यांना माहीत नसंल, आई. कळलं असतं तर ह्याच बाकावर येऊन बसले असते.”

“न्हाई बसला असता,” आत्या म्हणाली. “सुईला लई भ्यायचा. बैलाला डाक्तर टोचायला आला तर ह्यो गोठ्यामागं जाऊन रडायचा.” आणि ती पदरानं डोळे पुसत हसली. मग परत पुसले.

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. मी आणि माधव आत गेलो, दार उघडंच राहिलं. सिस्टर कागद भरत होती.

“तिसरा डोस. जोडीदार?”

“हे. यांचं निगेटिव्ह आहे,” मी म्हटलं.

“आधीचे मिस्टर? त्यांची ट्रीटमेंट झाली होती का?”

“ते वारले.”

सिस्टरनं त्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि बाटली तळहातांत घेतली. माझ्या मागे काठी आपटल्याचा आवाज झाला. आत्या बाकावरून उठून दारात आली होती. बाकावरच्या चारही बायकांनी पदर खाली घेऊन तिच्याकडे बघितलं. आत्यानं लुगड्याचा काचा सैल करायला हात घातला आणि सगळ्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“ती रेघ खोडा, बाई. त्यो न्हाई, पर त्याची आई हाय. त्याच्या वाटची सुई मला टोचा!”